येळवशीच्या सकाळची शेगडी

"लांब बस रं लेका, ओलं हाय अजून."

साठ वर्षं झाली असतील. तेरच्या घरात आई चूल सारवायला बसली की हे वाक्य ठरलेलं. चाळणीनं गाळलेली मऊ माती, शेणाचं पातळ पाणी, आणि त्यावरून अर्धचंद्रासारखा फिरणारा तिचा हात. एका कोरीच्या पोटात दुसरी कोर. हाताबरोबर ओवीही फिरायची:

सारवीते माझी चूल, हात फिरं कोरीवाणी
भूक बसली दारात, माझ्या तान्ह्या लेकावाणी

त्या ओल्या चुलीचा गार वास आत्ता नाकात का आला, ते उत्तरेश्वरला आधी कळेना. मग कळलं. समोर बसलेली मुलगी तेरची होती आणि ती शेगडीबद्दल बोलत होती.

"मामा, लिहून घेताय ना?" अश्लेषानं विचारलं.

"घेतोय की," म्हणत त्यानं कोऱ्या कागदावर पेन टेकवलं.

धाराशिवच्या बसस्थानकामागं अश्लेषाचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. बाई तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातली. पूर्वी विमा कंपनीसाठी जळलेली दुकानं तपासायची, आता खासगी तपास करायची. उत्तरेश्वर एसटीतून निवृत्त झालेला वाहक. तीस वर्षं गाडीत माणसं पाहिल्यामुळं आपल्याला माणूस बरोबर ओळखता येतो, असं त्याला वाटायचं. अश्लेषाला तसं वाटत नसे. पण तो सोबत असला की गावातली माणसं मोकळी बोलायची, हे ती जाणून होती.

"सुरुवातीपासून सांग," ती मुलीला म्हणाली.

मुलीचं नाव वैष्णवी. वय अठ्ठावीसच्या आसपास.

"परवा येळवस झाली, वेळ अमावस्या. सगळं गाव शेतात जेवाय जातं, तवा सकाळी घरोघरी भज्जी-आंबील. सासूबाई आंबील करताना शेगडीच्या धुरानं गुदमरल्या. वाचल्या, इथंच दवाखान्यात हायेत. पर नंतर बघितलं तर शेगडीची भोकं मातीनं बुजलेली. सगळी म्हणत्यात, ती म्या बुजवली."

"सगळी म्हणजे कोण?"

"आधी गल्ली. कालपासनं आमचे हे बी." तिनं पदर बोटाला गुंडाळला. "उद्या मला नळदुर्गला माहेरी सोडणार. मग पोलिसात अर्ज देणार. माझी चार वर्षांची पोरगी हाय, ताई. ती तेरलाच राहील म्हणत्यात."

उत्तरेश्वरनं पेन खाली ठेवलं. अश्लेषाचा चेहरा हलला नाही.

"शेगडी कसली?"

"पेलेटची. बादलीएवढी, लोखंडी. पाचटाच्या, भुशाच्या दाबून केलेल्या बोटभर कांड्या जळतात तीत. तळाला जाळीमागं पंखा, बॅटरीवर चालतो. अंगाला बारकी भोकं. तिथनंच ती श्वास घेती."

"वापरायची कशी, ते कुणी शिकवलं?"

"बचत गटात. आत्या म्हंजी सासूबाई अन् मी, दोघी गेलो होतो. शेगडी गार झाल्यावरच राख काढायची. भोकं खराट्याच्या हिराच्या काडीनं मोकळी करायची. कांड्या आतल्या खुणेपर्यंतच भरायच्या, जळत्या शेगडीत वरनं ओतायच्या न्हाईत. पोतं भुईवर न ठेवता फळीवर ठेवायचं, ओल लागू द्यायची न्हाय. अन् खिडकी उघडी पाहिजेच." ती एका दमात बोलली. पाठ केलेली कविता म्हणावी तशी.

"येळवशीला तू काय काय केलंस?"

"सहाला राख काढली, भोकं साफ केली, कांड्या भरल्या. पेटवली न्हाय. मग पोरीला घेऊन शेतात गेले, भज्जीसाठी वाटाणा, तूर, हरभरा तोडाय. साडेसातला परतले तर आत्या अंगणात निपचित. मामंजी त्यास्नी वारा घालत होते. शेगडी त्यांनी वढत बाहेर आणलेली, वर ओलं पोतं टाकलेलं."

"घरात आणखी कोण होतं?"

"कुणी न्हाय. ह्यांची कारखान्यावर रातपाळी. ढोकीहून आठाला आले अन् आमी जीपनं आत्यास्नी इथं आणलं. मामंजी घरीच थांबले."

अश्लेषा उठली. "मामा, आधी दवाखाना. मग तेर. वैष्णवी, तू पुढं घरी जा, आम्ही येतोच."

* * *

द्वारकाबाई खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. सत्तरीची सुकलेली बाई. संधिवातानं दोन्ही हातांची बोटं मुळांसारखी वाकडी झालेली. नर्सनं दिलेला चहाचा पेला त्यांनी दोन्ही मनगटांत धरून तोंडाला लावला.

"खिडकी कुणी लावली होती, बाई?"

"म्याच. गारठ्यानं हात आखडतात माझे. उघडी ठेवा म्हणून शिकवलं व्हतं, पर आमाला धुराची काय नवलाई? जलम धुरात गेला."

"आंबील चढवली होती का?"

"व्हय तर. जोंधळ्याचं पीठ ताकात कालवलं, सूनबाईनं रातीच ठेचून ठेवलेला लसूण घातला. मीठ दोनदा बघितलं. उकळी यायच्या आधी डोकं गरगराय लागलं."

"आणि शेगडी? पेटवताना कशी दिसत होती?"

द्वारकाबाईंनी पेला खाली ठेवला. तोंड भिंतीकडं वळवलं.

"ते न्हाय आठवत."

"मीठ आठवतं आणि शेगडी नाही?"

"न्हाय आठवत म्हणलं की." मग ओल्या डोळ्यांनी, हळू आवाजात, "सूनबाईला कुनी काय बोलू नका. पोर लई गुणाची हाय."

व्हरांड्यात येताच उत्तरेश्वर कुजबुजला, "ताई, म्हातारी सुनेला भिऊन हाय. मला तर वाटतं, सूनच."

"मामा, भ्यालेला माणूस 'गुणाची' म्हणताना डोळ्यांत पाणी आणत नाही," अश्लेषा म्हणाली आणि गाडीचं दार उघडलं.

* * *

तेरचा रस्ता म्हणजे उत्तरेश्वरला जुन्या ट्रंकेचं झाकण उघडल्यासारखं. इथं बोरीचं झाड होतं, इथं पहिली एसटी बंद पडली होती. दोन्ही बाजूंनी जोंधळा कमरेला लागलेला. बांधाबांधावर परवाच्या येळवशीच्या कडब्याच्या कोपी, पूजेपुरत्या झोपड्या, अजून उभ्या होत्या, लग्न उरकल्यानंतरच्या मांडवासारख्या.

गावात शिरतानाच शांतलिंगचं दुकान होतं. त्या गावातल्या सगळ्या पेलेटच्या शेगड्या त्यानंच विकलेल्या. हे दोघं गाडीतून उतरण्याआधीच त्यानं बोलायला सुरुवात केली.

"माझ्या मालात खोट न्हाय, बाई! त्याच पोत्यातल्या कांड्या ह्या बघा." त्यानं एक कांडी मोडली. कट्कन आवाज आला. "ओली असती तर भुगा झाला असता. पंखा बी तपासला, भिरभिर फिरतोय."

"भोकं बुजलेली तुम्ही कधी पाहिलीत?"

"त्याच दुपारी. शेगडी लिंबाखाली व्हती. बाहेरनं धुऊन-पुसून लख्ख, नव्या नवरीवाणी. पर भोकांत अन् तळाच्या जाळीत माती गच्च."

"माती बाहेरून भरलेली की आतून?"

"बाहेरनं. आत हवा न्हाय म्हणल्यावर कांड्या जळतील कशा? नुसत्या धुमसणार. धूर तरी डोळ्याला दिसतो, त्यातला विखारी वायू दिसत बी न्हाय अन् वास बी मारत न्हाय. वर खिडकी बंद. म्हातारीची दोरी बळकट म्हणूनच वाचली."

वैष्णवीच्या घरी अंगणातच कृष्णराज भेटला. तिचा नवरा. झोप न झालेले लाल डोळे, हातात फोन.

"हिनंच बोलावलं न्हवं तुमाला? बोलवू द्या. आईची मातीची चूल कुणी फोडली? हिनंच. ही लोखंडी बला कुणी आणली? हिनंच."

"चूल फोडली, कारण आत्यांचा खोकला थांबत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, तवा तुमीच तर संग होता," वैष्णवी म्हणाली.

"तू गप. लोकं काय बोलत्यात, ते मला ऐकाय लागतं."

"आई काय बोलतात, ते ऐकलंत का?" अश्लेषानं विचारलं. कृष्णराज फोनमध्ये बघत राहिला.

गोठ्याच्या कडेला बलभीम नवी कणगी लिंपत होता. द्वारकाबाईंचा नवरा. पंचाहत्तरीचा, उंच, पाठीत थोडा वाकलेला. तूर साठवायला विणलेली ती पुरुषभर उंचीची टोपली, तिच्यावर तो मातीचे जाड थर चढवत होता. मातीत सोयाबीनचा भुसा कालवलेला. पंजा वरून खाली यायचा आणि मागं चार सरळ रेघा राहायच्या, नांगरटीसारख्या.

"हात बसलाय तुमचा, दादा," उत्तरेश्वर म्हणाला.

"पंधराव्या वर्सापासनं लिंपतोय. गावात माझ्या कणगीला उंदीर लागत न्हाय." हे सांगताना म्हाताऱ्याचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच विझला.

"त्या सकाळी घरात कुणी आलं होतं?" अश्लेषानं विचारलं.

"कोण येणार? म्या सहापासनं आंगणातच व्हतो. मांजर बी आलं न्हाय. भांडं पडल्याचा आवाज झाला म्हणून दार ढकललं."

"शेगडी कुणी धुतली?"

"म्याच. आग इझवाय पाणी वतलं."

"दवाखान्यात नाही गेलात? आज तिसरा दिवस."

बलभीमनं नव्या मातीचा गोळा उचलला. "जनावरं कोण बघंल?"

लिंबाखाली शेगडी अजून तशीच होती. अश्लेषानं आत वाकून हलकी फुंकर मारली. राखेचा भुरका उडाला आणि उत्तरेश्वरच्या मिशीवर बसला.

"अहो ताई!"

"माफ करा मामा. पण बघा, किती हलकी आहे."

मग तिनं शेगडी कलती केली. मागच्या बाजूला कडेच्या वळणाखाली हात पोचत नाही तिथं मातीचा एक पट्टा राहिला होता. आगीनं भाजलेला, बोटभर जाड. त्यात वरून खाली चार सरळ रेघा.

"मामा, काय दिसतं?"

"माती. भुशाचे तुकडे दिसतात. अन् हितं पुढं कडेच्या खाचेत लाल काहीतरी. गंज असंल."

अश्लेषानं नखानं ते लाल खरवडलं, बोटांत चुरडलं, वास घेतला. बोटाचं टोक तांबडं झालं.

"एक सांगा. तुमची आई चूल कशी सारवायची? हवेत करून दाखवा."

उत्तरेश्वरला लाज वाटली. तरी त्यानं हात फिरवला. डावीकडून उजवीकडे. कोर, कोरीच्या पोटात कोर. क्षणभर त्याला वाटलं, मागून कुणी 'लांब बस' म्हणेल.

"बास," अश्लेषा हळूच म्हणाली. ती कणगीकडं वळली. "दादा, हात धुवा. तुम्हाला दवाखान्यात यायचंय. जनावरांना शांतलिंग वैरण टाकेल. कृष्णराज, वैष्णवी, तुम्हीही चला."

* * *

दुपार कलताना द्वारकाबाईंच्या खाटेभोवती पाच माणसं जमली. बलभीम दारापाशीच भिंतीला टेकून उभा राहिला. कृष्णराज आणि वैष्णवीनं एकमेकांकडं पाहिलं नाही.

अश्लेषानं स्टूल ओढून घेतलं.

"कांड्या कोरड्या होत्या, पंखा चालू होता. दोष मातीचाच. तुम्ही सगळे म्हणताय, कुणीतरी भोकं बुजवली. मी आधी एवढंच विचारलं, की शेगडी का धुतली? दादा म्हणाले, आग विझवायला. पण आग विझवणारा माणूस पाणी आत ओततो. आत पाणी पडलं असतं तर राखेचा चिखल होऊन थर धरला असता. ती राख मामांच्या मिशीवर उडाली."

उत्तरेश्वरचा हात आपोआप मिशीवर गेला.

"म्हणजे पाणी आगीसाठी नव्हतंच. बाहेरचं काहीतरी पुसायचं होतं. काय, ते कडेखालच्या पट्ट्यानं सांगितलं. ज्याला भोकं बुजवायची आहेत तो भोकांवर माती दाबेल. भोक नाही तिथं, मागच्या कडेखाली, बोटभर जाड थर कशाला चढवेल? कृष्णराज, ही शेगडी कुणी बुजवलेली नाही. ती सारवलीय."

"सारवलीय?" कृष्णराज म्हणाला. "लोखंडाची शेगडी?"

"येळवशीला तुमच्याकडं चूल सारवल्याशिवाय नैवेद्य शिजत नाही. कुणीतरी हिलाही चूलच समजलं. त्या भोकांतून ती श्वास घेते, हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. वैष्णवी आणि आई, दोघी शिकून आल्या होत्या. वैष्णवी तर रोज काडीनं भोकं मोकळी करते. तिला वाईट करायचं असतं तर सगळ्यांना दिसेल असा लेप बाहेरून तिनं लावलाच नसता."

वैष्णवीनं श्वास सोडला. कृष्णराजनं मान खाली घातली.

"आता हात कुणाचा? बाई सारवते तेव्हा माती गाळून घेते, लेप पातळ देते आणि हात कोरीसारखा फिरवते. मामांनी मला करून दाखवलं. त्या पट्ट्यात भुसा होता, थर जाड होता, बोटं वरून खाली सरळ ओढलेली होती. तशा रेघा मी आज दुसऱ्या एकाच ठिकाणी पाहिल्या."

सगळ्यांच्या नजरा दाराकडं गेल्या. उत्तरेश्वरला गोठ्याकडच्या कणगीवरच्या चार रेघा आठवल्या.

"सहाला वैष्णवीनं शेगडी साफ केली आणि ती शेतात गेली. साडेसातला आई अंगणात पडलेल्या होत्या. मधल्या वेळात सारवण झालं. कृष्णराज तेव्हा ढोकीला होते. बाहेरचं कुणी आलं नाही, हे दादांनीच सांगितलं. घरात दोघंच. आणि ह्या हातांना," तिनं द्वारकाबाईंच्या वाकड्या बोटांवर अलगद हात ठेवला, "पेलासुद्धा धरवत नाही. मातीत सरळ रेघ ओढणं दूरच."

बलभीमनं दोन्ही हात धोतराला पुसले. त्याच्या नखांत कणगीची माती तशीच होती.

"बाई, आता तुमचं. शेगडी तुम्ही पेटवली, म्हणजे लेप तुम्ही पाहिलाच. नुसता पाहिला नाही, त्याला कुंकू लावलंत. कडेच्या खाचेत ते अजून आहे. मामांना गंज वाटला. सगळं आठवतं आणि शेगडी तेवढी आठवत नाही, असं होत नाही. तुम्ही कुणाला तरी पाठीशी घालताय."

 द्वारकाबाईंनी सुनेकडं पाहिलं.

"मला वाटलं, हिनं सारवली. माझ्या मनाची हौस म्हणून, न सांगता. लई बरं वाटलं बघा. मग हा परकार झाला. म्हणलं, बोलले तर पोरीचं मरण. म्हणून तोंड शिवून घेतलं."

"आत्या, मी कशी सारवीन शेगडी? आपण दोघी शिकून आलो न्हवं?"

"व्हय गं, शिकलो. पर सारवलेली बघितली अन् समदं इसरले. एवढं जाड सारवलेलं बघून मनात म्हणलं बी, नळदुर्गकडची रीत असंल बाई."

वैष्णवी हसली आणि त्याच हसण्यात रडायला लागली. उत्तरेश्वरनं खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं.

"शेगडीनं मला इतकंच सांगितलं," अश्लेषा म्हणाली. "का सारवली, ते शेगडी सांगत नाही."

 बाहेर एका गाडीचा हॉर्न वाजून थांबला. मग बलभीम भिंत सोडून पुढं आला. आधी सुनेसमोर थांबला.

"पोरी, तुझ्यावर आळ आला अन् म्या गप बसलो. तुझं लेकरू तोडाय निघाले तरी तोंड उघडलं न्हाय. शेगडी धुतली, वाटलं धुऊन जाईल. न्हाय गेलं. तू मला काय बी बोल."

वैष्णवीनं मान हलवली. वाकून त्याच्या पायांना हात लावला. कृष्णराज तिच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि तिच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली. "घरी जाऊ," तो पुटपुटला. "पोरगी शेजारी वाट बघत असंल."

द्वारकाबाई मात्र नवऱ्याकडंच बघत होत्या.

"पर तुमी? तुमी तर जलमात चुलीपुढं बसला न्हाईत. पाट उचलून ठेवला न्हाय कधी."

बलभीम खाटेच्या कडेला टेकला. तिच्या बोटांकडं बघत राहिला. हात पुढं केला, मागं घेतला, मग त्या वाकड्या बोटांवर ठेवला.

"आदल्या सांजला तू शेगडीपुढं बसली व्हतीस. बोटं सरळ करायचीस, ती पुन्हा वाकडी व्हायची. अन् एकलीच म्हणलीस, ह्या वर्सी बिनसारवलेल्या चुलीवरच आंबील. म्या दारात व्हतो. तुला दिसलो न्हाय."

"मग हाक मारायची की."

"काय म्हणून मारू? पन्नास वर्सांत कधी धड बोललो असतो तर जमलं असतं." त्याचा अंगठा तिच्या बोटांवरून फिरला. "तोंडानं जमत न्हवतं, म्हणून तू आंघोळीला गेलीस तवा हातानं कराय गेलो. अन् तुझाच जीव जात व्हता. पन्नास वर्सं तुझ्या हातचं खाल्लं, द्वारके. लई गोड व्हतं. एकडाव बी म्हणलो न्हाय."